खुडबुडीची बोलकी पेटी

खुडबुडीने बनवलेली एक वस्तू मी तीन दिवस वापरली आणि चौथ्या दिवशी माझ्या हातात नोटीस पडली.

ती तेव्हा अकरा वर्षांची होती. मी बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसायचे, अजूनही बसते. त्या खिडकीत बसणं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. खिडकीच्या वर वेळापत्रकाचा भलामोठा फळा आहे. त्या फळ्याखाली उभं राहून माणूस विचारतो, "बाई, गाडी किती वाजता?" त्याला वेळ सांगितली की त्याच्या मागचा, ज्याने आत्ताच सगळं कान देऊन ऐकलेलं असतं, तो पुढे सरकतो आणि विचारतो, "बाई, गाडी किती वाजता?" माझा स्वभाव मुळातच तापट. स्थानकात मला सगळे चौकशीबाई म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

पोरीला माझी दया आली असावी. तिने एक फळी बनवली. माझ्या बाजूला आठ बटणं, खिडकीबाहेर आठ काचेचे चौकोन. बटण दाबलं की चौकोनात दिवा लागून अक्षरं उजळायची. ‘फलाट दोन’, ‘फलाट चार’, ‘अर्धा तास उशीर’, ‘आत्ताच गेली’, ‘फळा वाचा’, ‘रांगेत या’, ‘माहीत नाही’. आठवं बटण खास माझ्यासाठी होतं: ‘तेच पुन्हा विचारू नका.’ तीन दिवस मी तोंड न उघडता राणीसारखी बसले. चौथ्या दिवशी मुख्य कचेरीतले मोठे साहेब साध्या कपड्यांत येऊन रांगेत उभे राहिले, आणि त्यांच्या वाट्याला नेमकं आठवं बटण आलं.

फळी मी कपाटात फेकली. पोरीला म्हटलं, "पुन्हा माझ्यासाठी काही बनवलंस तर याद राख." ती म्हणाली, "मावशी, फळीत बिघाड नव्हता. साहेबांत होता."

खुडबुडी हे तिचं कागदावरचं नाव नव्हे. ते तिच्या बाबांनी ठेवलं. सतत कशात तरी हात घालून खुडबुड करायची, म्हणून खुडबुडी. तिचे बाबा म्हणजे स्थानकात सगळे ज्यांना भाऊ म्हणायचे ते. माझ्या खिडकीला लागून काचेची एक केबिन आहे, त्यात बसून ते गाड्यांची घोषणा करायचे. सव्वीस वर्षं केली. भाऊंचा आवाज काय सांगू! स्वच्छ, भरदार, कधी घाई नाही. त्यांनी ‘गाडी दोन तास उशिरा येत आहे’ म्हटलं तरी ऐकणाऱ्याला वाटायचं, चला, निदान येते तरी आहे. पण माइक बंद झाला की हाच माणूस इतकं हळू बोलायचा की मला खिडकीतून मान बाहेर काढावी लागे. स्थानकाचा आवाज वेगळा आणि त्यांचा स्वतःचा आवाज वेगळा.

खुडबुडी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून पोर केबिनमध्ये आणि माझ्या खिडकीत वाढली. शाळेत ती यथातथाच. विज्ञानात तर दोनदा नापास, कारण उत्तराच्या जागी ‘हे यंत्र असं का बनवलं, याहून बरं बनवता आलं असतं’ असं लिहून यायची. तिचं खरं शिक्षण झालं ते बेवारस सामानात. गाडीत विसरलेल्या वस्तू सहा महिने माझ्या कपाटात राहतात, मग भंगारात जातात. भंगारात जाण्याआधी त्या खुडबुडीच्या हाताखालून जायच्या. घड्याळं, रेडिओ, खेळण्यातल्या मोटारी, केस वाळवायची यंत्रं. उघडायची, बघायची, पुन्हा जोडायची. पुन्हा जोडल्यावर दोन-तीन स्क्रू उरायचेच. ते ती एका बरणीत ठेवायची आणि म्हणायची, "हे बनवणाऱ्याने उगाच लावले होते."

तिच्या वस्तूंबद्दल एक सांगायला हवं. त्या चालायच्या. फक्त भलतीकडे चालायच्या. दूध उतू जाऊ नये म्हणून तिने घंटी बनवली, तर ती दूध उतू गेल्यावर वाजायची, पण काय खणखणीत वाजायची! भाऊ चष्मा कुठेही ठेवून विसरायचे, म्हणून तिने चष्म्याच्या दांडीला मुगाएवढा भोंगा चिकटवला. शिट्टी मारली की चष्मा ओरडून आपला पत्ता सांगणार. घरात झकास चालला. दुसऱ्या दिवशी भाऊ तोच चष्मा लावून कामावर आले. आता बसस्थानकात दिवसभर दुसरं काय वाजतं? कंडक्टरच्या शिट्ट्या. भाऊ माइकवर ‘प्रवाशांनी कृपया’ म्हणतात न म्हणतात तोच नाकावरचा चष्मा किंचाळायचा. मी त्या दिवशी हसून हसून खिडकी बंद केली.

आता कॅसेटींचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. भाऊ जे काही माइकवर बोलत ते सगळं तेव्हा कॅसेटवर भरलं जायचं. एखाद्याची गाडी चुकली की तो येऊन भांडायचा, ‘घोषणा झालीच नाही.’ मग कॅसेट लावून त्याला ऐकवायची. तीन महिन्यांनी त्याच कॅसेटींवर नवीन भरायचं, जुनं पुसलं जायचं. पण ज्या दिवसाबद्दल लेखी तक्रार आली, त्या दिवसाची कॅसेट बाजूला काढायची. तक्रारीची कॅसेट पुसायची नाही, हा नियम. त्या माझ्या कपाटात, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावून.

सव्वीस वर्षांत प्रवाशांनी तक्रारी पुष्कळ केल्या, पण प्रत्येक वेळी चूक गाडीची निघाली. भाऊंच्या स्वतःच्या चुकीसाठी त्यांना मेमो मिळाला तो एकदाच. त्याचा विषय काढलेला त्यांना खपायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी भाऊंचा घसा धरला तो सुटेना. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं. जीव वाचला. गळ्याला श्वासाचं एक भोक राहिलं आणि आवाज गेला तो गेलाच. केबिनमध्ये आता संगणक बोलतो. कुणा बाईचा आवाज आहे, गाडी आली काय नि गेली काय, तिला काही पडलेली नाही.

रुग्णालयाने गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. भाऊंनी ते एकदा लावून बघितलं. भुंगा बरणीत अडकल्यासारखा आवाज आला. त्यांनी ते पुसून, नीट गुंडाळून खणात ठेवलं आणि खण लावून टाकला. मग खुडबुडीने मोबाइलमध्ये सोय करून दिली, लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारी. भाऊंनी दोन ओळी लिहिल्या, फोनमधून कुणीतरी तरुण माणूस खणखणीत बोलला. भाऊंनी पाटी घेतली आणि खडूने लिहिलं, ‘हा कोण? याला घराबाहेर काढ.’

त्यानंतर ते गप्पच होत गेले. आधी पाटीवर चार ओळी असायच्या, मग एक, मग एक शब्द. मेसेजला उत्तर ठरलेलं. ‘जेवलात?’ ‘बरं.’ ‘ताप आहे?’ ‘बरं.’ ‘मी उशिरा येते.’ ‘बरं.’ फोन वाजला तर तो वाजून वाजून थांबायचा. मी भेटायला जायचे तेव्हा खुर्ची खिडकीकडे करून बसलेले असायचे. माणूस माझ्यादेखत विझत चालला होता आणि मला त्याचा रागच यायचा. रागावल्याशिवाय मला काळजी करता येत नाही, त्याला मी काय करू?

अशात खुडबुडीला पत्र आलं. दूरच्या मोठ्या शहरात एक कार्यशाळा आहे. ज्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, हात चालत नाहीत, त्यांच्यासाठी तिथे साधनं बनवतात. हिने त्यांना आपल्या वस्तूंचे फोटो पाठवले होते, आणि प्रत्येक फोटोखाली ती वस्तू कशी फसली ते खरं खरं लिहिलं होतं. चष्मा, दूध, माझे साहेब, सगळं. त्यांनी कळवलं, एक तारखेला या, वर्षभर शिका आणि काम करा. प्रमाणपत्र मागितलं नाही. आजवर खुडबुडी जिथे जिथे गेली तिथे पहिला प्रश्न प्रमाणपत्राचा असायचा, आणि तिच्याकडे तर फक्त स्क्रूची बरणी होती. अशी संधी तिच्याकडे दुसऱ्यांदा येणार नव्हती.

ती मला म्हणाली, "मी नाही जाणार, मावशी."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"बाबांना काही झालं तर मला कळणार कसं? मी तिथून विचारणार, हे ‘बरं’ म्हणणार. ते फोन उचलायला लागले तर जाईन. नाहीतर नाही."

"आणि उचलून बोलणार काय?"

"त्यांच्याच आवाजात बोलतील," ती म्हणाली. "तुझ्या कपाटाची किल्ली दे."

एक तारखेला सव्वा महिना होता. कपाटात त्रेचाळीस कॅसेटी निघाल्या. वरच्या साहेबांची परवानगी मीच काढली. मी टेबलासमोर उभी राहिले की ते हल्ली फार विचारत नाहीत. खुडबुडीने एका जुन्या टेपरेकॉर्डरवर एकेक कॅसेट वाजवली, संगणकात भरली, आणि एकेक शब्द सुटा कापून काढला. शेंगा सोलायला बसल्यासारखी बसायची, कानाला हेडफोन, मान खाली. पेटीसाठी तिला बेवारस सामानातली शृंगारपेटी सापडली, चांगली जांभळी, आत आरसा. माझी ती जुनी फळीही तिने हुडकून काढली आणि तिची आठही बटणं उपटली. बाकीची बत्तीस कुठकुठल्या कॅल्क्युलेटरांची. चाळीस बटणं, बटणाखाली भाऊंचा शब्द. दोन-तीन बटणं ओळीने दाबली की वाक्य.

पेटी तयार झाली त्या दिवशी मीही गेले होते. खुडबुडीने ती भाऊंच्या मांडीवर ठेवली. भाऊंनी तिच्याकडे बघितलं, आरशात स्वतःकडे बघितलं, आणि पहिलं बटण दाबलं.

"रद्द," भाऊंचा आवाज म्हणाला.

हा आवाज मी तीन वर्षांनी ऐकत होते. भाऊंचे डोळे विस्फारले. त्यांनी दुसरं दाबलं.

"दिलगीर आहोत."

तिसरं. "उशिरा." चौथं. "बेवारस." पाचवं. "पुढील सूचना मिळेपर्यंत बंद."

मी खुडबुडीकडे बघितलं. तिचा चेहरा उतरत चालला होता. तक्रार कोण करतं? ज्याची गाडी चुकते तो, ज्याचं सामान जातं तो. गाडी अगदी वेळेवर सुटली म्हणून तक्रार करणारा प्रवासी मी तरी पाहिलेला नाही. कपाटात उरल्या होत्या त्या सगळ्या वाईट दिवसांच्या कॅसेटी. चाळीस बटणांत ‘वेळेवर’ नव्हतं, ‘आली’ नव्हतं, साधं ‘हो’ नव्हतं. आणि ही पोरगी तीन आठवडे नुसता आवाज किती स्वच्छ आहे, खरखर किती आहे, एवढंच ऐकत होती. बाबा बोलतायत काय, ते तिने ऐकलंच नव्हतं.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली.

भाऊंनी "दिलगीर आहोत" पुन्हा दाबलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. हसत होते. आवाज न होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

पुढचे चार-पाच दिवस त्या घरात नुसता धुमाकूळ होता. डॉक्टरांनी सांगितलेली पातळ पेज समोर आली की, "रद्द." खुडबुडीने विचारावं, "भाजी कशी झालीय?" तर, "प्रवाशांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ रोज येऊन तासभर आरोग्याचे सल्ले देत बसतात. त्यांच्यासमोर भाऊंनी शांतपणे पाच बटणं दाबली. "कृपया. बेवारस. सामान. त्वरित. हटवावे." मी आत शिरले की स्वागत ठरलेलं, "चौकशी. खिडकी. बंद." मी म्हटलं, "भाऊ, आवाज गेला होता तेच बरं होतं." ते पुन्हा हसले. मला वाटलं, जमलं. पोरगी आता जाते.

मग तिने फोनची परीक्षा घेतली. खाली रस्त्यावर जाऊन तिने फोन लावला. भाऊंनी तीन वर्षांत पहिल्यांदा फोन उचलला, आवाज मोठा करून पेटीशेजारी ठेवला. मी शेजारीच बसले होते.

"बाबा, मी बोलतेय. मी लांब आहे असं समजा. बरे आहात ना?"

भाऊंचं बोट बटणांवरून फिरत राहिलं. ‘फलाट’. ‘सामान’. ‘बंद’. ते कुठेच टेकेना.

"बाबा? एकटं वाटतंय का? मला सांगा ना काहीतरी."

बोट फिरत होतं. शेवटी त्यांनी "दिलगीर आहोत" दाबलं आणि फोन ठेवून दिला. ती धावत वर आली तेव्हा ते पाटीवर लिहीत होते. पुष्कळ महिन्यांनी त्यांनी पूर्ण वाक्यं लिहिली. ‘हा माझा आवाज नाही. स्थानकाचा आहे. तुझ्याशी मी असा कधी बोललो का?’

पेटी कपाटावर गेली. खुर्ची पुन्हा खिडकीकडे झाली. एक तारखेला नऊ दिवस उरले होते. खुडबुडी मला म्हणाली, "मी उद्या त्यांना नाही म्हणून कळवते." ती रडली असती तर मी ओरडले असते. ती रडलीही नाही.

मी घरी गेले, जेवले नाही, आणि माझ्या स्वतःच्या कपाटातून चव्वेचाळिसावी कॅसेट काढली.

आता त्या मेमोची गोष्ट. खुडबुडी पाच वर्षांची होती. भाऊ म्हणाले, "बाई, पाच मिनिटं हिच्याकडे बघा, चहा पिऊन येतो." मी बघत होते. तेवढ्यात एक माणूस रांग सोडून मध्ये घुसला आणि माझं त्याच्याशी जुंपलं. भांडण आटोपून वळते तो पोर नाही. चार हजार माणसं, चौदा फलाट, गाड्या मागेपुढे होतायत, आणि पोर नाही. भाऊ चहा टाकून केबिनमध्ये धावले. हरवलेल्या मुलाची घोषणा कशी करायची याचा नियम आहे, पूर्ण नाव, वय, कपड्यांचा रंग. भाऊंनी माइक दाबला आणि म्हणाले, "खुडबुडे, जिथे असशील तिथून ये. बाबा केबिनमध्ये आहेत." अख्खं स्थानक हसलं. मी हसले नाही.

हमालाने तिला आणलं. ती वजनाच्या यंत्रामागे सापडली. नाणं टाकलं की वजन छापलेलं तिकीट बाहेर येतं ना, तर ते लिहिणारा माणूस आत बसतो आणि तो जेवतो कधी, हे बघायला तिने यंत्राचं मागचं झाकण सरकवून अर्धं अंग आत घातलं होतं. तोंडाला वंगण, आणि भोकाड पसरलेलं, कारण बघून व्हायच्या आत तिला ओढून काढलं. भाऊंनी तिला उचलून मांडीवर घेतलं. माइक बंद करायचं त्यांना सुचलं नाही. सात मिनिटं तो चालू राहिला. तीन गाड्या घोषणेशिवाय सुटल्या, माणसं मागे राहिली, तक्रार झाली, मेमो आला.

चूक माझी होती आणि मेमो त्यांना मिळाला. भाऊंनी मला त्यावरून एका शब्दाने बोल लावला नाही. फक्त म्हणाले, "ती कॅसेट जाळून टाका." मी हो म्हटलं आणि घरी नेली. बापाने लेकीशी बोललेलं जाळायला माझा हात धजेना. सतरा वर्षं साड्यांखाली ठेवली आणि कुणाला सांगितलं नाही, कारण ती नुसती दिसली तरी मला माझीच लाज वाटायची, ऐकली तर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती खुडबुडीच्या टेबलावर ठेवली. तिने लावली. खरखर, लांबून गाड्या, मग एका मुलीचं रडणं. आणि मग भाऊंचा आवाज, स्थानकाचा नव्हे, तो दुसरा, मान बाहेर काढून ऐकावा लागायचा तो. "रडू नकोस. मी आहे ना. आपण दोघं मिळून उघडून बघू." आणि त्याच वेळी मागून, काचेतून येणारा एक कर्कश आवाज, "ओ, रांगेत या! तुमच्यासाठी काय वेगळी गाडी सोडू?"

हमाल पोरीला घेऊन आला तेव्हा मी त्याच माणसाशी पुन्हा भांडत होते, हे मला आठवतच नव्हतं.

खुडबुडीने तो तुकडा कापला. माझा आवाज काढायचा तिने दोन दिवस प्रयत्न केला, पण तो भाऊंच्या शब्दांत असा गुंतला होता की मला काढलं की ‘मी आहे ना’ पण जायचं. शेवटी म्हणाली, "राहू दे तुला." माझ्या फळीचं ते आठवं बटण तिने त्याला दिलं.

भाऊंच्या हातात पेटी मीच दिली. त्यांनी बटण दाबलं, ऐकलं, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले.

"हो, नाही जाळली," मी म्हटलं. "खोटं बोलले तुमच्याशी. तक्रारीची कॅसेट पुसायची नाही, नियम आहे. करा काय करायचं ते."

त्यांनी पाटी उचलली नाही. बटण पुन्हा दाबलं. मग पुन्हा. चौथ्यांदा दाबलं तेव्हा खुडबुडी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली होती आणि तिचं डोकं त्यांच्या गुडघ्यावर होतं. भाऊंनी तिच्या केसांवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने हळूहळू बटणं शोधली. "प्रवाशांनी. त्वरित. गाडीत. बसावे."

ती गेली. तिला सोडायला भाऊ स्थानकावर आले, निवृत्तीनंतर पहिल्यांदा, गळ्याला रुमाल बांधून. केबिनमधल्या त्या बाईने गाडीचा फलाट चुकीचा सांगितला तेव्हा त्यांनी मान हलवली, आणि आम्ही दोघांनी तिच्या नावाने मनसोक्त बोटं मोडली, त्यांनी पेटीवरून आणि मी तोंडाने.

आठवड्याने मी कामावरून सुटून त्यांच्याकडे डोकावले, तोच फोन वाजला. भाऊंनी उचलला, पेटी जवळ ओढली.

"बाबा," एवढंच म्हणून ती रडायलाच लागली. हुंदक्यांतून कळलं ते असं की तिने कुणाला न विचारता तिथलं एक महागडं यंत्र उघडलं होतं, आणि आतलं काहीतरी मोडलं होतं. "सगळे शिकलेले आहेत इथे, बाबा. मला त्यांचे शब्दसुद्धा कळत नाहीत. कुणी ओरडलं नाही, नुसतं बघितलं. मी परत येते. संध्याकाळची गाडी आहे, सकाळी पोचेन."

भाऊंना या वेळी शोधावं लागलं नाही.

"रडू नकोस. मी आहे ना. आपण दोघं मिळून उघडून बघू."

"ओ, रांगेत या! तुमच्यासाठी काय वेगळी गाडी सोडू?"

पलीकडचं रडणं थांबलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला, आणि नाकातूनच आलेलं हसू.

"मावशी, सतरा वर्षं झाली. सोड आता त्याला."

"आधी त्याला रांगेत यायला सांग," मी म्हटलं.

"पण बाबा, ती संध्याकाळची गाडी..."

भाऊंनी दोन बटणं दाबली. "गाडी. रद्द."

तिने बराच वेळ फोन ठेवला नाही, आणि यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी आली तेव्हा मी खिडकी सोडून फलाटावर गेले. शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभी राहिले. खुडबुडी उतरली नाही. मी परत येऊन जागेवर बसले, तर समोर एक गृहस्थ उभे, थेट फळ्याच्या खाली. म्हणाले, "बाई, गाडी किती वाजता?" मी त्यांना वेळ सांगितली. त्यांच्या मागच्यालाही सांगितली.